तांबोळी सर आणि ऐकणारा चौकोन

आमच्या ऑफिसात कुणी नवी स्क्रीन तयार केली, की बाकीचे खुर्च्या सरकवून तिच्याभोवती जमतात आणि कुणीतरी विचारतंच, "कान कुणाचा उघडा हाय?" नव्याने नोकरीला लागलेली मंडळी आधी एकमेकांकडे बघतात. मग त्यांना समजावून सांगावं लागतं. स्क्रीनवर सहा चौकोन आहेत आणि शेजारी आकडे आहेत. तुम्ही आकडा दाबलात, तर तो सहांपैकी कुठल्या चौकोनात जाऊन पडणार? ज्याच्यात पडणार, त्याचा कान उघडा. बाहेरच्या लोकांशी बोलताना आम्हीही याला फोकस म्हणतो, पण आपापसात कानच. हा शब्द तांबोळी सरांनी दिला. सरांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा प्रश्न अजून रोज कामावर येतो.

सर मूळचे इंदापूरचे. बाजारपेठेत त्यांच्या भावाचं पानाचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर सरांचा टायपिंगचा क्लास. बारावीनंतर मी अंथुर्ण्याहून एसटीने तिथे जायचे. जिना चढतानाच वरून अकरा मशिनींचा कडकडाट आणि खालून कात-चुन्याचा वास एकदम अंगावर यायचा. सर दाराशी उभे. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दात घासायचा जुना ब्रश. त्या ब्रशाने ते मशिनीची अक्षरं साफ करायचे. बोलता बोलता हात रिकामा राहिला, की ब्रश बाहेर आलाच. समोर मशीन नसलं तर टेबलाची कड घासत बसायचे.

क्लासचे नियम दोनच. पहिला, मशिनीवर बघायचं नाही. नवीन विद्यार्थ्याच्या हातांवर सर पुठ्ठ्याचं एक खोकं पालथं घालायचे, पुढून हात घालायला जागा ठेवलेलं. खोक्याखाली बोटं चालायची आणि डोळे समोरच्या कागदावर. "बोटाला ठावं पायजे बेटा, डोळ्याला न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरा नियम मुलींसाठी होता: बांगड्या वर सरकवा. बांगडी खाली आली की बटणांत अडकायची, एकावर एक दोन अक्षरं बसायची. सर पाठ करून उभे असले तरी त्यांना ऐकू यायचं. "तिसरं मशीन, बांगड्या वर!" अशी हाक आली की तिसऱ्या मशिनीवरची मुलगी दचकून बांगड्या पार कोपरापर्यंत ढकलायची. मी तर कंटाळून एक दिवस काढूनच ठेवल्या आणि घड्याळ घातलं. ते घड्याळ आजतागायत हातात आहे. या घड्याळानेच पुढे मला आंधळं केलं, ते सांगतेच.

परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, मग क्लास ओस पडला. तोवर मी शिकून बारामतीला एका लहानशा कंपनीत लागले होते. आम्ही मशिनींवर बसवायच्या टच स्क्रीन तयार करतो: कुठे दुधाच्या टाकीला, कुठे ठिबकच्या पंपाला. एकदा आमच्या एका स्क्रीनवर 'पाणी सोडा'ऐवजी 'पाणी सोडून द्या' असं छापून गेलं आणि त्या शेतकऱ्याने मालकांना फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. मालक म्हणाले, मराठी तपासायला कुणीतरी शहाणा माणूस आणा. माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं.

सर पहिल्या दिवशी आले ते खिशातल्या ब्रशासकट. मी त्यांच्यापुढे स्क्रीन ठेवली आणि म्हटलं, शब्द तेवढे बघा. त्यांनी आधी रुमालाने काच पुसली, मग एक बोट तिच्यावर अलगद फिरवलं. खूप वेळ फिरवत राहिले.

"वैशाली, हितं बोटाला कायच कळत न्हाय गं."

"काच आहे सर. सपाटच असणार."

"मग आतापर्यंत मी जे शिकवलं ते सगळं उलटं करायला लागंल. बोटाला कळत नसंल तर डोळ्याला तरी कळू दे. माझ्या मशिनीवर पुढचं अक्षर कुठं पडणार ते दिसायचं. हितं सहा चौकोन हायत. आता मी पाच दाबला तर तो जाणार कुठं? ह्यांच्यातला कान कुणाचा उघडा हाय?"

मी म्हटलं, चौकोनात एक बारीक रेघ लुकलुकते, तिथे. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि स्क्रीन उचलून खिडकीतल्या उन्हात नेली. उन्हात ती रेघ मलाही दिसेना.

त्या दिवसापासून सर शब्द तपासायचे सोडून बाकी सगळंच तपासायला लागले. चौकोनाला बोट लावलं की आकड्यांची पाटी खालून वर यायची आणि नेमका तोच चौकोन झाकायची. सर म्हणाले, "लिवायला बसलेल्याचाच कागद झाकला की तुमी!" दुसऱ्या एका स्क्रीनवर 'आकडा चुकला' अशी सूचना यायची, ती बंद केली की कुठलाच चौकोन ऐकत नसे. माणूस आपला आकडे दाबतोय आणि ते हवेत जातायत. सर एका वहीत रकाने आखून हे सगळं लिहायचे, प्रत्येक ओळीपुढे 'बहिरा' किंवा 'भलताच' असा शेरा. आमच्यातली तरुण मंडळी आधी हसली. महिनाभरात वही शोधत सरांच्या टेबलाशी यायला लागली. मालकांनी त्यांना तपासनीस असं पद दिलं. सरांनी ते गंभीरपणे घेतलं आणि डब्यावरसुद्धा 'तपासनीस' अशी चिठ्ठी चिकटवली.

झाकल्या जाणाऱ्या चौकोनावर उपाय मी काढला. आकड्यांची पाटी खालून येऊच द्यायची नाही, ती स्क्रीनच्या वरच्या कडेला कायमची ठेवायची आणि चौकोन तिच्याखाली. आता काहीच झाकलं जात नव्हतं. सरांनी दोन दिवस ती स्क्रीन बडवली आणि वहीत पहिल्यांदाच 'उत्तम' लिहिलं. मी ते पान मोबाईलमध्ये टिपून आईला दाखवलं होतं.

हीच स्क्रीन आम्ही शेळगावला बसवली.

शेळगावात बायकांच्या गटाने पशुखाद्याची शेड सुरू केली होती. मका, पेंड, मीठ, खनिजं आणि गव्हाचा कोंडा, कशाचं किती किलो ते स्क्रीनवर टाकायचं, मग मशीन तेवढं तेवढं ओढून घेऊन कालवतं. स्क्रीन चालवायची जबाबदारी छबूताईंची. चाळिशीच्या, सडपातळ, तोंडाने फटकळ आणि हिशेबाला पक्क्या. गटातल्या बायका गुरांचं कुठलंही दुखणं असो, आधी छबूताईला विचारायच्या. त्यांचा तो मान होता आणि त्यांना तो आवडायचा.

काम सुरू होऊन चार महिने झाले असतील. एक दिवस त्या शेडमधून गेलेल्या खाद्याने गावातल्या अकरा घरच्या गाई बिघडल्या. नुसतं पाणी पाणी करायला लागल्या, जुलाब सुरू झाले, दूध निम्म्यावर आलं. शेजारच्या एका घरची कालवड दोन दिवस उठलीच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी खाद्य चाखून बघितलं आणि थुंकलं. मीठच मीठ होतं. स्क्रीनच्या नोंदीत बघितलं तर कोंडा तीन किलो आणि मीठ वीस. खरं तर कोंडा तीस हवा होता आणि मीठ दोन.

गुरं सगळी वाचली, कालवडही उठली. पण छबूताई बसल्या त्या बसल्याच. मशिनीने लिहून ठेवलं होतं ना, मीठ वीस! गटात कुणी त्यांच्याशी बोलेना. कालवडवाल्या बाई त्यांच्या अंगणावरून जाताना मोठ्याने म्हणायच्या, "लग्नातली जाग्रणं झेपंनात तर कामावर कशाला यावं?" स्क्रीनचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं, यावर बैठक ठरली.

आमच्या ऑफिसातही निकाल लागल्यातच जमा होता. मी नोंदी तपासल्या, त्यात काही बिघाड दिसत नव्हता. मालकांनी मला अहवाल लिहायला सांगितला आणि मी लिहिलासुद्धा: 'चालकाकडून आकडे चुकीच्या रकान्यात भरले गेले.' सर तो वाचून म्हणाले, "भरले गेले म्हंजी कसे गेले? बाई काय म्हनती?"

"ती म्हणते मी बरोबर टाकले."

"मग तितं जाऊन बघायला पायजे." वही पिशवीत टाकून ते उठलेसुद्धा.

शेडमध्ये छबूताई दाराशीच भेटल्या. आत या म्हणाल्या नाहीत. सरांनी नमस्कार केला.

"काय बघायचं आता, चाचा? मशीन खोटं बोलत न्हाय म्हनत्यात सगळी. मग मीच खोटी."

"ताई, मी पस्तीस वर्षं मशिनींत काढली," सर म्हणाले. "लई खोटं बोलत्यात ती. तुमी रोज करता तसं करून दावा मला."

सर पेंडीच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. छबूताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खूण केली, तुम्ही करा. त्यांनी मका टाकला, पेंड, मीठ, खनिजं आणि सगळ्यात शेवटी कोंडा. कोंडा शेवटी, कारण उघड्या पोत्यात किती उरलाय ते बघून तो आकडा ठरवायचा, ही त्यांची पद्धत. पुसून पुन्हा केलं. दहा वेळा, वीस वेळा. एकदाही चूक नाही. सरांनी डोळे उघडले.

"त्या दिवशी दुसरं काय व्हतं?"

"काय न्हाय. भाचीचं लगीन झाल्याला दुसरा दिवस. आले तशी कामाला लागले."

सर पोत्यावरून उठले. इतक्या झटकन त्यांना उठताना मी कधी बघितलं नव्हतं.

"हातात चुडा व्हता?"

"व्हता की. हिरवा, बारा बारा. मग कामात फुटाय लागला म्हनून चार ठिवल्या."

"बाकीच्या कुठं हायत? आना. सगळ्या घाला."

छबूताई घरी जाऊन बांगड्या घालून आल्या. सर पुन्हा डोळे मिटून बसले. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी छबूताईंनी कोंड्याच्या चौकोनाला बोट लावलं, वरच्या पाटीवरचा तीन दाबला, आणि शून्य दाबायच्या आधी हात क्षणभर खाली टेकला. खळ्ळ असा बारीक आवाज आला.

"थांबा!" सर ओरडले. "आता शून्य दाबा आन बघा."

आमची ती काच दाबावर चालणारी आहे. हातमोजा असो, लाकडाची काडी असो, दाबलं की झालं. शेडमध्ये हात भरलेले असतात म्हणून मुद्दाम तशी निवडलेली. आकडे मी नेऊन ठेवलेले वर. तिथवर हात नेला की मनगट बरोबर मिठाच्या चौकोनावर यायचं. बांगड्यांनी मीठ दाबलं होतं. कोंड्याचा कान मिटला, मिठाचा उघडला, आणि छबूताईंचा शून्य मिठाच्या आधीच्या दोनपुढे जाऊन बसला. कोंडा तीन. मीठ वीस.

छबूताईंनी ते आकडे वाचले. मग खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "मी न्हाय केलं," एवढंच म्हणत होत्या, "मी न्हाय केलं." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आकडे मी वर नेले होते. अहवाल मी लिहिला होता. माझ्या हातात घड्याळ होतं, ऑफिसात स्क्रीनवर काम करणारे बाकी सगळे पुरुष, आणि सरांनी दोन दिवस बडवली ती स्क्रीन बिनबांगडीच्या हातांनी. सरही तेच म्हणाले, "माझ्या वहीत उत्तम लिवलंय गं. मी लिवलंय."

परत आल्यावर मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे तो. फक्त घाईचा. म्हणाले, "सोपं आहे मग. पाटी लावून टाकू शेडमध्ये. बांगड्या काढून काम करावे."

सरांचा ब्रश टेबलाच्या कडेवर चालला होता, तो थांबला.

"साहेब, मी पस्तीस वर्षं पोरींना बांगड्या वर सरकवायला लावल्या. माझ्याकडं दुसरं मशीन न्हवतं. जे व्हतं ते लोखंडाचं, त्याला शिकवता येत न्हवतं. तुमच्या मशिनीला शिकवता येतंय ना? का तुमी बी पोरींनाच वरडणार?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चार दिवस द्या.

चार दिवसांत मी आणि सरांनी मिळून केलं ते असं. एका चौकोनाचा कान उघडला की बाकी सगळे बहिरे. बांगडी लागो, कोपर लागो, ते ऐकतच नाहीत. 'झालं' हे मोठं बटण दाबल्याशिवाय कान बदलत नाही. उघड्या चौकोनाला जाड पिवळी चौकट, उन्हातही दिसणारी. त्याचं नाव आणि आत पडत चाललेला आकडा वरच्या पाटीशेजारी ठळक, म्हणजे डोळे आकड्यांवर असले तरी कळावं. आणि मीठ नेहमीपेक्षा जास्त झालं तर मशिनीने गुपचूप न कालवता आधी विचारायचं. सरांनी हे तपासलं ते हातात दोन डझन बांगड्या घालून. बारामतीच्या कासाराकडे जाऊन स्वतः भरून आले होते. कासाराने विचारलं, कुणासाठी? सरांनी आपलाच हात पुढे केला. त्या दिवशी चहा आणणाऱ्या मावशी त्यांना बघून कप खाली ठेवायचं विसरल्या.

माझा जुना अहवाल सरांनी फाडला. नवा त्यांनी इंदापूरला जाऊन, शेवटच्या उरलेल्या मराठी मशिनीवर स्वतः टाइप केला. चारच ओळी. 'त्या दिवशी श्रीमती छबूताई यांनी आकडे बरोबर भरले होते. चूक आमच्या यंत्राची होती. यंत्र दुरुस्त केले आहे. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही गटाची व विशेषतः छबूताई यांची माफी मागतो.' मालकांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, हे असं लेखी द्यायचं म्हणजे... सर म्हणाले, "तुमाला नको असंल तर मी एकटा सही करतो. तपासनीस मी हाय." मालकांनी पेन काढलं आणि आधी स्वतःची सही केली.

शेळगावला शेडमध्ये गटाच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. सरांनी कागद उभ्याने, मोठ्याने वाचला, क्लासमध्ये उतारा सांगायचे तसा थांबत थांबत. मग छबूताईंना म्हणाले, "आता सगळ्या बांगड्या घालून टाका." छबूताईंच्या हातात चारच होत्या, बाकीच्या घरी. मग मागून त्या कालवडवाल्या बाई पुढे आल्या, स्वतःच्या हातातल्या सहा उतरवल्या आणि छबूताईंच्या हातात चढवल्या. छबूताईंनी कोंड्याचा आकडा टाकताना मनगट मुद्दाम मिठावर दाबून धरलं, चांगलं खळखळ वाजवलं. कोंडा तीस. मीठ दोन. "बहिरं झालं गं मीठ!" त्या म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. कागद अजून त्या शेडच्या भिंतीवर काचेत आहे, स्क्रीनच्या बरोबर वर.

सर त्यानंतर वर्षभर कामावर येत होते. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि एसटीचा प्रवास बंद झाला.

माझं लग्न झालं तेव्हा ते येऊ शकले नाहीत. म्हणून पंधरा दिवसांनी मीच पेढे घेऊन इंदापूरला गेले. हातात हिरवा चुडा होता, घड्याळ पर्समध्ये. माडीवर दहा मशिनींच्या जागा रिकाम्या होत्या आणि अकरावं खिडकीशी. सर फार वाळले होते, पण बाह्या दुमडलेल्या आणि ब्रश खिशात. पेढा अर्धा खाऊन म्हणाले, "बस. चालव जरा. बघू विसरली का."

मी मशिनीपुढे बसले. बोटं बटणांवर ठेवायच्या आधी माझा हात आपोआप बांगड्यांकडे गेला.

"असू दे, असू दे," सर घाईने म्हणाले. "खाली घे. हायत तशा ऱ्हाऊ दे."

मी तशीच सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला बांगडी बटणांत अडकली, दोन अक्षरं एकावर एक बसली आणि एक बांगडी तडकन वाढली. मी दचकून सरांकडे बघितलं. इतक्या वर्षांनी तीच भीती! सर खुर्चीत हलून हलून हसत होते.

"लिवून देऊ का?" ते म्हणाले. "चूक यंत्राची व्हती म्हनून?"

जिना उतरताना मी एकदा मागे वळून बघितलं. सर मशिनीवर वाकले होते आणि ब्रशाने बटणांमधून हिरव्या काचेचे कण एकेक करून बाहेर काढत होते.